श्वासाचा रकाना

डॉक्टरांनी तक्ता टेबलावर सरळ केला आणि श्वासाच्या रकान्यावरून बोट खाली नेलं. सकाळी सहाला अठरा. दहाला अठरा. दुपारी दोनला अठरा. त्याच दुपारी पाचला पेशंट निळा पडला होता आणि त्याला धावतपळत अतिदक्षता विभागात न्यावं लागलं होतं.

दोनच्या आकड्यापुढे जिची सही होती ती सिस्टर समोर उभी होती.

"न्यूमोनिया असा अचानक उलटतो कधीकधी," डॉक्टर म्हणाले. तिच्याकडे न बघता त्यांनी अहवालात 'अचानक' लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

अठराची गोष्ट वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होती, डॉक्टरांनाही. तापाला थर्मामीटर होता, रक्तदाबाला यंत्र होतं, नाडीला बोटात अडकवायचा चिमटा होता. श्वासाला काहीच नव्हतं. त्यासाठी मिनिटभर पेशंटजवळ उभं राहून त्याची छाती बघायची. खाटा बत्तीस, सिस्टर दोन. मग जो बरा दिसेल त्याला अठरा. नवी आलेली मुलगी आठ दिवस इमानेइतबारे मोजायची. मोठ्या सिस्टर हसून म्हणायच्या, बाई गं, अशाने तुझी सकाळची औषधं संध्याकाळी होतील. नवव्या दिवशी तीही अठरा लिहायला लागायची. खोटं लिही असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. अळीमिळी गुपचिळी, एवढंच.

डॉक्टरांचं 'अचानक' ऐकून, सुंठीवाचून खोकला गेला, असं त्या सिस्टरच्या मनात आलं. नंतर त्याची लाजही वाटली, पण आधी हायसं वाटलं हे खरं.

आठवड्याने पेशंट पुन्हा वॉर्डात आला. अर्धा झाला होता, पण शुद्धीवर होता. आता दोन दिवसांत घरी सोडायचं ठरलं. घरी रोज श्वास मोजा, पंचविसाच्या वर गेला तर थांबू नका, तडक घेऊन या, असं डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बजावलं आणि मोजायचं कसं ते सिस्टर दाखवतील म्हणून सांगितलं.

बायको कपडे शिवायची; वॉर्डात सगळ्या सिस्टर तिला काकू म्हणायच्या. सिस्टर आली तेव्हा नवरा झोपला होता आणि ती त्याच्या सदऱ्याचं बटण लावत बसली होती. तिने सुई कापडात खोवली.

"मला नीट शिकवा हं सिस्टर. त्या दिवशी माझं चुकलं होतं."

"कुठल्या दिवशी?"

"यांना वर नेलं त्या दिवशी. जेवणानंतर यांची छाती मला धपापताना दिसली. मापं घेणारी बाई मी, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. भिंतीवरच्या घड्याळावर मोजलं तर छत्तीस भरले. तुम्हाला बोलवायला उठलेसुद्धा. मग तक्त्यावर अठरा दिसलं. म्हटलं, आपण घेतलेला एक आणि सोडलेला एक, असे दोन धरले असणार. छत्तीसचे निम्मे अठरा. तुमचं नि माझं बरोबर जुळलं. म्हणून परत बसले."

सिस्टरच्या हातात औषधांचा ट्रे होता. तो तिने खाली ठेवला. दाखवलं नाही तर ही बाई घरी जाऊन छत्तीसचे अठरा करत बसेल, आणि दाखवलं तर आत्ताच तिला कळेल, हे तिला लख्ख दिसलं. तरी तिने काकूंचा हात धरून नवऱ्याच्या छातीवर ठेवला. छाती वर आली की एक म्हणायचं, खाली जाताना काही नाही, पुन्हा वर आली की दोन. दोघींनी घड्याळ लावून मिनिटभर मोजलं. बावीस झाले.

काकूंनी हात तिथेच राहू दिला.

"मी असेच मोजले होते," त्या सावकाश म्हणाल्या. "वर आल्यावरच."

त्यांची नजर खाटेला टांगलेल्या तक्त्याकडे गेली.

"मग ते अठरा?"

दोनला अठराच होते, नंतर वाढले, असं म्हणता आलं असतं. अहवालात 'अचानक' लिहिलेलं होतं. कुणी विचारायला येणार नव्हतं. वाक्य अगदी जिभेवर आलं.

"ते मी मोजले नव्हते, काकू. न मोजता लिहिले. तुमचे बरोबर होते."

काकू ओरडल्या नाहीत. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कूस बदलून इकडे बघायला लागला, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी नवऱ्याचं पांघरूण होतं तसंच पुन्हा सारखं केलं.

"हे शुद्धीवर आल्यापासून मी यांची माफी मागतेय," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे उशीर झाला म्हणून. हे म्हणतात, जाऊ दे, तुला काय कळणार त्यातलं."

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काकूंनी पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"आता उठतील ते. तुम्हीच सांगा त्यांना."

सिस्टरने ट्रे उचलून दुसऱ्या सिस्टरच्या हातात दिला, पुढच्या खाटा तुला बघाव्या लागतील म्हणाली, आणि परत येऊन पायथ्याच्या स्टुलावर बसली.