दोराची झीज

मी एक जुना दोर आहे. खरं म्हणजे दीड हात दोर आहे. एकेकाळी मी पंचेचाळीस मीटर होतो. बाकीचं काय झालं ते पुढे येईलच.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. आत पांढरा गाभा, वर विणलेलं नारिंगी आवरण. आवरणाने घासून घ्यायचं, गाभ्याने वजन पेलायचं, अशी कामाची वाटणी होती. टोकाला एक चिठ्ठी शिवली होती : 'फक्त माणसासाठी'. म्हणजे माझ्या आधाराने माणसाने चढायचं; माझ्यावर सामान लटकवायचं नाही. मित्रांनो, या चिठ्ठीचा मला फार अभिमान होता. शिकलेल्या लोकांना पदवीचा असतो तसाच. उपयोगही साधारण तेवढाच झाला.

मला दोन भावांनी विकत घेतलं. घरावर झुकलेली, वाळलेली, तारांत घुसलेली झाडं कापून उतरवायचा त्यांचा धंदा. धाकटा माझ्या आधाराने झाडावर चढायचा. थोरला, म्हणजे दादा, फाटकात उभा राहून भाव सांगायचा. दोन्ही कामं जोखमीची, पण पडायची भीती फक्त एकात. कोटेशन लिहायची ती दादाची बायको, म्हणजे वहिनी. धाकटा तिला वहिनी म्हणे, म्हणून मीही म्हणतो.

पहिल्याच कोटेशनमध्ये वहिनीने मजुरी, करवतीचं तेल, गाडी, फांद्या टाकायच्या जागेचं भाडं असं सगळं लिहिलं आणि शेवटी लिहिलं : दोराची झीज.

"ही काय नवीन भानगड?" दादाने विचारलं.

"दोर तीनशे झाडं चालेल असं दुकानदार म्हणाला ना? मग त्याची किंमत भागिले तीनशे. प्रत्येक झाडाने आपला वाटा द्यायचा. तो या डब्यात ठेवायचा. तीनशे झाली की नवा दोर."

"म्हणजे झाडामागे दोन चहांचे पैसे. लिही बापडे."

छापील कागदावर माझं नाव आलं होतं. मी पिशवीत वेटोळं घालून पडलो होतो, तरी ताठ झाल्यासारखं वाटलं.

अकरा झाडांचे पैसे डब्यात पडले. बारावं झाड एका निवृत्त मुख्याध्यापिकांचं होतं. त्यांनी कोटेशन चष्म्यावरून वाचलं, खालून वाचलं, मग म्हणाल्या, "दोराची झीज? दोर काय तुम्ही खाता की काय?"

दादा हसला. खिशातून पेन काढलं आणि ती ओळ खोडली. बाईंचा चेहरा असा खुलला की त्यांनी उभ्या उभ्या होकार दिला, वर शेजारणीचंही झाड मिळवून दिलं.

त्या दिवशी दादाला धंद्याचं मर्म सापडलं. गिऱ्हाईकाने कुरकुर केली की तो पेन काढी. पुढे पुढे कुरकुर व्हायच्या आधीच काढू लागला. एका दंतवैद्याने तर आपल्याच पेनने मला खोडलं आणि घरात जाऊन बायकोला सांगितलं.

"ती ओळ मी लिहिते कशाला? तुम्हाला खोडायला?" वहिनीने एकदा विचारलं.

"अगं, माणसाला काहीतरी कमी करून घेतल्याचं समाधान लागतं. मजुरी कमी केली तर माणसं बोंबलतील. तेल कमी केलं तर करवत बंद पडेल. दोर काही बोलतो का?"

खरं होतं. मी काही बोललो नाही.

धाकट्याची मात्र एक पद्धत होती. रोज सकाळी तो मला डोळे मिटून टोकापासून टोकापर्यंत बोटांतून काढायचा. आवरणाखाली कुठे मऊ लागलं तर दोर बाद. प्रत्येक झाडानंतर तो पिशवीवर रंगाने एक रेघ मारायचा. तीनशे रेघा झाल्या तेव्हा म्हणाला, "दादा, नवा दोर बघू या."

"बघ तरी त्याच्याकडे! तुझ्यापेक्षा टवटवीत आहे."

मला ते कौतुक वाटलं. मित्रांनो, फुकटचं कौतुक लगेच खरं मानू नये. पण हे मला उशिरा कळलं.

मग ते मोठं झाड आलं. दादाने फाटकातूनच वर पाहिलं, एका दिवसाचा भाव सांगितला, सवयीने मला खोडलं आणि हात मिळवले. मागच्या बाजूला जायला पन्नास पावलं पडली असती. तिथे काचेच्या छपराची रोपवाटिका होती. एकही फांदी खाली सोडता येईना. प्रत्येक बांधून हळूहळू उतरवायची. एका दिवसाचे चार झाले, भाव मात्र तोच राहिला. ओझ्याचा वेगळा दोर घ्यायला पैसे कुठले? फांद्या माझ्यावरच उतरवल्या. चिठ्ठी टोकाला शिवलेलीच होती.

तिसऱ्या संध्याकाळी दादा मला गुंडाळत होता. मध्यावर त्याचा हात थांबला. तिथे मी मऊ झालो होतो. त्याने पुन्हा दाबून पाहिलं. मग वहिनीचा डबा उघडला. आत अकरा झाडांचे पैसे होते. डबा बंद करून त्याने गाडीतून काळी चिकटपट्टी आणली आणि त्या जागेवर पाच वेढे दिले. नीट, घट्ट, प्रेमाने म्हणावं असे.

सकाळी धाकट्याने मला हातात घेतलं.

"ही पट्टी कसली?"

"मधली खूण. मी सगळा तपासलाय रे. चल, आज आटपायचंय."

दादा म्हणाला म्हणजे झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धाकट्याने डोळे मिटले नाहीत.

दुपारी पट्टीखालचं आवरण फाटलं. धाकटा दोन माणसांच्या उंचीएवढा खाली घसरला. दोराला दात नसतात, तरी मी दातओठ खाऊन गाभ्याच्या उरलेल्या चार पदरांनी त्याला धरलं, तेवढ्यात कमरेचा पट्टा एका खुंटाला अडकला. खांदा निखळला, जीव वाचला. खाली आल्यावर त्याने शाबूत हाताने पट्टीचे वेढे सोडवले. सगळे पाच.

"दादा, हे तू लावलंस?"

"हळू बोल. गिऱ्हाईक बघतंय," दादा म्हणाला.

धाकट्याने पट्टा काढून गवतावर ठेवला आणि निघून गेला. त्यानंतर तो धंद्यावर आला नाही. घरीही नाही.

मित्रांनो, आता धंदा उत्तम चालला आहे. चढायला पगारी माणूस आहे, ओझ्याला वेगळा दोर आहे, दादा झाडाच्या मागच्या बाजूलाही जाऊन येतो. माझे तुकडे झाले; काही कपडे वाळत घालायला गेले. हा दीड हात दादाने स्वतः कापून घेतला. त्यावर ती काळी पट्टी पुन्हा गुंडाळली आहे.

कारण गिऱ्हाईक अजूनही विचारतं, "दोराची झीज म्हणजे काय हो?" मग दादा पेन काढत नाही, मला काढतो. पट्टी जरा सरकवून फाटलेली जागा दाखवतो, आवाज खाली आणतो. "माझा सख्खा भाऊ होता यावर. दोराने दगा दिला." गिऱ्हाईक पूर्ण भाव देतं. एकाने तर वरचे सुटेही घेतले नाहीत.

वहिनी ती ओळ अजून लिहिते. दादा गोष्ट सांगायला लागला की ती उठून गाडीत जाऊन बसते.

तर मित्रांनो, दोर वापरण्याआधी स्वतःच्या बोटांतून काढा, कुणीही तपासलाय म्हणो. कुणी हसत हसत एखादी ओळ खोडली, तर ती कोणती होती ते पाहा. आणि कधी तुमच्या दारात एक गृहस्थ दीड हात दोर घेऊन आला, तर गोष्ट पूर्ण ऐकून घ्या. पैसेही द्या, भाव आता रास्त आहे. फक्त एवढंच विचारा, की ही पट्टी कुणी लावली.

आजवर कुणी विचारलेलं नाही.