रोजची चप्पल

बोलतेय मी, शिंप्याची डावी चप्पल. नाकं मुरडायची तर खुशाल मुरडा, पण ऐकून घ्या. माझं डोकं फिरलंय!

चांभाराने मला जाड तळ लावून, जीव ओतून शिवलं. चार वर्षं मी शिंप्याबरोबर मशीन चालवलं. बोटं काय त्याची! कापडात हरवलेली टाचणी डोळे मिटून शोधायचा. पाय मात्र साखरेच्या आजाराने बधिर झालेले. बायको काळजीने विचारायची, तर म्हणायचा, "मला काय धाड भरलीय?"

एकदा मशीनची सुई मोडून खाली पडली आणि त्यावर याचा पाय पडला. सुई माझ्या तळातून आरपार त्याच्या अंगठ्यात! मी कळवळले. हा आपला गुणगुणत मशीन चालवतोय.

आठवड्याने बायकोला फरशीवर रक्त दिसलं. तिने त्याला वैद्यबाईंकडे पाठवलं. आणि या शहाण्याने काय करावं? मला कोपऱ्यात ढकलून ठेवणीतल्या चपला चढवल्या! बाई म्हणाल्या, "पाय नंतर, आधी रोजची चप्पल दाखवा." "हीच की!" असं ठोकून दिलं, आणि घरी येऊन हसत सांगतोय.

बाईंनी त्रिफळ्याच्या काढ्याने जखम धुतली, औषधी तेलाची पट्टी बांधली, साखरेच्या आजाराच्या गोळ्या चुकवू नका, पाय टेकू नका म्हणून दहादा बजावलं. जखम भरत आली की हा पुन्हा मला घालून मशीनवर. माझ्यात रुतलेली तीच सुई, तीच जागा. वर तोंड करून म्हणतो, "बाईंच्या औषधाला गुणच नाही." चोर सोडून संन्याशाला फाशी!

शेवटी बायकोने मला पिशवीत कोंबलं आणि त्याला ओढत नेलं. बाईंनी माझ्यावरून हात फिरवला, सुई उपसून टेबलावर ठेवली.

"हे तुमचं दुखणं. आता ते हाडापर्यंत गेलंय, माझ्या तेलाच्या हाताबाहेर. आत्ताच्या आत्ता सर्जनकडे चला."

सर्जनने पाय वाचवला. अंगठा गेला. शिंपी ढसाढसा रडला. मला दया नाही, संतापच आला. एक खोटं, तेही चांगलं दिसावं म्हणून!

आता मी बाईंच्या टेबलावर असते. नव्या रोग्याच्या हातात त्या मला देतात, तर तो म्हणतो, "शी, चप्पल!"

शी कसली, बाबांनो? घरी जा, आपली रोजची चप्पल उचला, आतून हात फिरवा. वैद्याकडे जाताना तीच घाला. माझ्यावर त्याच्या अंगठ्याचा खळगा अजून तसाच आहे. त्यात आता कुणी बसायचं नाही.