ऐकण्यासारखं काही नाही

न्यायमूर्तींनी कागद चाळले, म्हणाले, "यात ऐकण्यासारखं काही नाही. अपील दाखल करून घेत नाही," आणि पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. बस्स! वर्षभर जिवाला घोर, आणि निकाल पापणी लवायच्या आत.

चित्रकलेच्या बाई पिशवी उचलून दालनाबाहेर आल्या. शाळेत युनियन काढली म्हणून त्यांना आणि शाळेच्या बसच्या ड्रायव्हरकाकांना एकाच दिवशी घरी बसवलं होतं. कामगार न्यायालय म्हणालं, परत घ्या. तरी हायकोर्टापर्यंत फरफट झालीच. आता इथं कोणी ऐकून घेतलं नाही, एवढंच दोघांना कळलं. वकील दुसऱ्या दालनात अडकलेले, विचारणार कोणाला? घरी नवरा फोनकडे डोळे लावून बसला असेल, त्याला काय सांगायचं?

दोघं बाहेरच्या बाकावर बसली, तोच शाळेचे सेक्रेटरी आले, अगदी साखर पेरत. "झालं गेलं विसरा. राजीनामे द्या, अनुभवाचा दाखला झकास देतो. कुठंही चिकटाल."

काकांनी डोळे पुसले आणि सही ठोकली. "करा बाई तुम्हीपण. आपलं संपलं."

बाईंनी पेन घेतलं. पण हा माणूस इतका गोड का बोलतोय? एरवी नमस्कारसुद्धा न घेणारा हा! जिंकला असता तर मिशीला पीळ देत निघून गेला असता. आमच्या मिनतवाऱ्या कशाला केल्या असत्या?

"साहेब, अपील केलं होतं कोणी?"

"ते आता... वकील बघतील."

"कोणी केलं होतं?"

"संस्थेनं," सेक्रेटरी पुटपुटले.

अगं बाई! म्हणजे ऐकून घेतलं नाही ते यांचं! खालचा हुकूम जसाच्या तसा उभा. अपील म्हणजे विनवणी, आणि विनवणी आपणच करायची, ही दोघांची जन्माची सवय. तिनंच घात केला होता. बाईंचं डोकं असं सणकलं की विचारू नका. सेक्रेटरींच्या हातातला काकांचा राजीनामा त्यांनी हिसकावला आणि टराटरा फाडला.

"अहो! सही झाली होती त्यावर! हे बेकायदेशीर आहे!"

"मग करा की अपील!" बाई म्हणाल्या.