यादीतलं पहिलं नाव

माझा भाऊ डेल कंगास वॉशिंग्टनला, देशाच्या संसदेत, कसा पोचला, हे विचारायला हल्ली वर्तमानपत्रवाले आमच्या गॅरेजमध्ये येतात. त्यांना युद्धाबद्दल ऐकायचं असतं, कंपनीबद्दल ऐकायचं असतं. मी कॉफी देते आणि भिंतीवर चिकटवलेली यादी दाखवते. ते यादीकडे एकदा पाहतात आणि पुन्हा युद्धाबद्दल विचारतात. मग मी दुसरा कप देत नाही.

यादी साधी आहे. रात्री बर्फ पडला की सकाळी आमच्या गाड्यांनी कुठल्या क्रमानं रस्ते साफ करायचे, ती. काउंटीच्या सरकारी गाड्या हमरस्ते साफ करतात. आतले रस्ते आणि लोकांच्या दारापर्यंतच्या वाटा आमच्याकडे. कुठलाही शहाणा माणूस गावापासून सुरुवात करून बाहेर जाईल. डेलची यादी उलटी आहे. सगळ्यात लांबचं घर पहिलं. आमच्या पेल्टो गावापासून एकोणीस मैलांवर आयर्न क्रीक, आणि तिथलंही अगदी टोकाचं घर टाउनो लाहतीचं. ते यादीतलं पहिलं नाव.

पहिल्या हिवाळ्यात मी त्याला विचारलं होतं, हे काय खूळ. तो म्हणाला, गावातला माणूस अडला तर शेजाऱ्याकडे चालत जाईल, लाहती कुठे जाईल? एवढंच. आम्ही फिनलंडहून खाणीत कामाला आलेल्यांची नातवंडं. आमच्यात कुणी यापेक्षा जास्त बोललं तर त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतात.

इराकमध्ये त्याची तुकडी रस्त्यात पुरलेले बॉम्ब शोधायची. मागून येणाऱ्या गाड्या सुखरूप जाव्यात म्हणून सगळ्यांच्या पुढे, पायी चालण्याच्या वेगानं. तिथून तो डाव्या कानानं बहिरा होऊन आला. आला तेव्हा वडिलांचा एक गंजका डंपर होता. दहा वर्षांत त्यानं नऊ गाड्या केल्या, उन्हाळ्यात मातीकाम आणि हिवाळ्यात बर्फ. मी त्याची थोरली बहीण, हिल्मा. पहिल्या दिवसापासून गाड्यांशी बोलायच्या रेडिओवर मी बसते आणि कुठली गाडी कुठे, ते सांगते. आणि त्या कानाचं म्हणाल, तर लोक कौतुकानं सांगतात की डेल कसा मान वाकवून, जीव ओतून ऐकतो. निम्मी मतं त्या मानेची आहेत. तो फक्त चालू कान पुढे करतो, हे मी कुणाला सांगत नाही.

राजकारणातही तो आयर्न क्रीकपायीच पडला. तिथला पूल मोडकळीला आला आणि जड वाहनांना बंद झाला. अँब्युलन्सला एकतीस मैलांचा वळसा. डेल आठ तास गाडी हाकत राज्याच्या राजधानीला, लान्सिंगला गेला. समितीपुढे बोलायला त्याला तीन मिनिटं मिळाली, आणि ती तिन्ही मिनिटं समितीचा अध्यक्ष सँडविच खात होता. डेल परत आला, शनिवार होता म्हणून आधी सौनात, आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, जाऊन बसला, आणि जेवताना म्हणाला, मी उभा राहतोय. पहिल्यांदा तीनशे मतांनी पडला. दुसऱ्यांदा आला. सहा वर्षं राज्याच्या विधानसभेत होता आणि चौथ्या वर्षी पूल झाला.

आता ऐका. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, त्या आयर्न क्रीकनं त्याला दर निवडणुकीत किती मतं द्यावीत? सात. पुलाआधी सात आणि पुलानंतरही सात. बाकीचे साठ-सत्तर जण जुने खाणकामगार, युनियनचे, डेलच्या पक्षाचं नाव काढलं की थुंकणारे. पुलाच्या उद्घाटनाला टाउनोनं त्याच्याशी हात मिळवला आणि चारचौघांत म्हणाला, "पूल चांगला आहे. पक्ष वाईट आहे." डेल हसला. माझं पित्त खवळलं, ते आजतागायत पूर्ण उतरलेलं नाही.

मग डेल देशाच्या संसदेसाठी उभा राहिला. पक्षानं लान्सिंगहून ब्रायस नावाचा एक तरतरीत माणूस प्रचार सांभाळायला पाठवला. पायात शहरी बूट, हातात रंगवलेला नकाशा. आमची गावं हिरवी, त्यांची लाल. लढत अटीतटीची होती. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी आकाश काळवंडलं तेव्हा ब्रायस माझ्या टेबलाशी आला आणि नकाशा पसरून म्हणाला, उद्या गाड्या आधी हिरव्या भागात गेल्या तर काही बिघडणार नाही, कुणाला कळणारही नाही. मी त्याला सांगितलं की यादी वीस वर्षं जुनी आहे आणि तू तीन आठवड्यांचा आहेस. तो गेला. नकाशा मात्र टेबलावर ठेवून गेला.

सकाळी उठले तर चौदा इंच बर्फ. त्यात दोन गाड्या बंद पडलेल्या. सात वाजता मतदान सुरू होणार होतं. मी रेडिओ सुरू केला, यादी वाचायला तोंड उघडलं, आणि नजर त्या नकाशावरच्या आयर्न क्रीकच्या लाल ठिपक्यावर गेली. सात मतं. वीस हिवाळे पहाटे उठून ज्यांची दारं मोकळी केली, त्यांची सात मतं. कबूल करते, कुणी माझा हात धरला नव्हता. एक नंबरच्या गाडीवर गॉर्डी होता, आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर. त्याला मी म्हटलं, आधी गावात जा, शाळेपासून सुरुवात कर. तो "बरं" म्हणाला.

ब्रायसला एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि रागाच्या भरात मीही ती विसरले. बर्फाच्या सकाळी आमच्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात जुना रिसीव्हर लावलेला असतो. उलट बोलता येत नाही, पण आमच्या गाड्यांचं सगळं बोलणं ऐकू येतं. लोक कॉफी पितात, वेलचीचा पाव त्यात बुडवतात आणि गाडी कुठवर आली ते ऐकतात. आमच्या सबंध टापूनं माझी करामत गरम गरम ऐकली होती.

साडेसहाला रेडिओवर डेलचा आवाज आला. तो मतदानाला निघाला होता. ब्रायस तिथे फोटोवाल्यांना घेऊन थांबला होता.

"हिल्मा, एक नंबर कुठंय?"

"गावात. शाळेपाशी."

"यादीत पहिलं नाव कुणाचं?"

मी भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं.

"हिल्मा."

"लाहती," मी म्हटलं. "डेल, आज मतदान आहे."

"म्हणूनच विचारतोय."

मला वाटलं, आता सगळ्यांदेखत माझी शोभा करणार. पण तो माझ्याशी बोललाच नाही. तो म्हणाला, "जे ऐकतायत त्यांना सांगतो. आज यादी बदलली गेली. कंपनी माझी आहे, म्हणजे चूक माझी आहे. आयर्न क्रीकवाल्यांनो, एव्हाना गाडी तुमच्या दारात यायला हवी होती. उशीर झालाय. मी स्वतः निघालोय."

ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही उलट ओरडले असते. दहा मिनिटांत डेल गॅरेजमध्ये आला, कोट आणि टाय तसाच, वरून कामाचं जाकीट चढवलं आणि चार नंबरची गाडी काढली. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. मागोमाग ब्रायस धापा टाकत आला. म्हणाला, विरोधकांच्या हातात आयतं कोलीत दिलंत, दुपारपर्यंत टीव्हीवर येईल. मी त्याचा नकाशा घडी घालून त्याच्या हातात दिला आणि शेगडी कुठे आहे ते दाखवलं.

दुपारच्या आतच टीव्हीवर आलं. कुणीतरी रेडिओवरचं बोलणं टेप केलं होतं. एका वाहिनीवर म्हणाले, उमेदवाराच्या बहिणीनं रस्ते अडवले. दुसरीवर म्हणाले, उमेदवार स्वतः बर्फ काढतोय. मी दोन्ही ऐकलं, आणि दिवसभर रेडिओवरून नावांशिवाय एक शब्द बोलले नाही. डेलनं आयर्न क्रीकची शाळा मोकळी केली, जिथे तिथल्यांचं मतदान होतं, मग एकेक दार. लाहतीच्या दारी पोचायला त्याला आठ वाजून गेले. पावणेदोन तास उशीर. टाउनो खिडकीत उभा होता म्हणे. दर वेळी हात वर करतो, त्या दिवशी केला नाही. संध्याकाळी पाचला डेलनं स्वतःचं मत टाकलं. तोवर फोटोवाले निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल पक्का झाला. दोन हजारांवर मतांनी डेल निवडून आला होता. गॅरेजमध्ये माणूस मावत नव्हता. गॉर्डीनं सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजवले. मी बाई रडले, लपवत नाही. आजोबा खाणीत गाडा ढकलायचे आणि नातू देशाच्या संसदेत. मी त्याला मिठी मारायला गेले तर तो फोनवर होता, उजवा कान चिकटवून. मला वाटलं कुणी मोठा नेता असेल. तो आयर्न क्रीकचं मतदान सांभाळणाऱ्या क्लार्कला विचारत होता, तिथे किती जण आले.

किती मतं मिळाली, हे नाही. किती जण आले.

मतदारयादीत चौऱ्याहत्तर नावं होती. हिवाळ्यापुरते फ्लोरिडाला गेलेल्यांची मतं टपालानं आली होती. त्र्याहत्तर जणांनी मत दिलं. डेलला बारा. सातची बारा, हे ऐकून मी टाळी वाजवणार होते, तोच त्यानं विचारलं, "राहिलं कोण?" आणि पलीकडचं उत्तर ऐकून फोन खाली ठेवला.

"टाउनो," तो म्हणाला.

छप्पन्न वर्षांत त्या माणसानं एक मतदान चुकवलं नव्हतं. बायको गेली त्या आठवड्यातसुद्धा येऊन गेला होता. डेलनं जाकीट घेतलं. बाहेर टीव्हीवाले थांबलेत, असं ब्रायसनं सांगून पाहिलं. डेल त्याला म्हणाला, रस्त्यामुळे त्याचं मत राहिलं असेल, तर मी ह्या लोकांसमोर कुठल्या तोंडानं उभा राहू? मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तूही चल."

आम्ही आयर्न क्रीकला निघालो. पुलावरून जाताना मी देवाची करुणा भाकली. रात्री नवा बर्फ पडला नव्हता. टाउनोच्या वाटेच्या तोंडाशी डेलनं गाडी थांबवली आणि खाली बोट दाखवलं. टाउनोच्या मोटारीच्या चाकांच्या खुणा घरापासून रस्त्याकडेच्या टपालपेटीपर्यंत आल्या होत्या, तिथे वळल्या होत्या आणि परत घराकडे गेल्या होत्या.

टाउनोनं दार उघडलं. एक्याऐंशी वर्षांचा, काठीसारखा ताठ. आम्हाला बसवलं, कॉफी ओतली, पाव कापला. फिनिश माणसाच्या घरी आधी कॉफी होते, मग बोलणं.

"निवडून आलास म्हणे," शेवटी तो म्हणाला.

"आलो," डेल म्हणाला. "टाउनो, काल तुमच्याकडे उशिरा पोचलो. त्यामुळे तुमचं मत..."

"रस्ता साफ होता," टाउनो म्हणाला. "मी पाहिलं ना. टाय घालून काढत होतास. टायवर बर्फ काढणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता."

"मग आला का नाहीत?"

म्हाताऱ्यानं साखरेचा खडा दातात धरला आणि त्यावरून कॉफी ओढली.

"निघालो होतो," तो म्हणाला. "टपालपेटीपर्यंत गेलो. छप्पन्न वर्षं एकच बाजू, पोरा. तुझ्या नावापुढे खूण करायला हा हात उठला नसता. आणि काल तुझ्याविरुद्ध करायलाही उठेना. मग कशाला पेट्रोल जाळू? आलो परत."

डेलनं मान वाकवली. त्याला सगळं नीट ऐकू गेलं होतं, उजवा कान त्याच बाजूला होता. तरी तो मान तशीच ठेवून टेबलाकडे बघत राहिला. माझा भाऊ युद्धावरून आला तेव्हाही मी त्याचे डोळे असे भरलेले पाहिले नव्हते.

"पुढच्या वेळी विरुद्धच देणार आहे," टाउनोनं बजावलं. "आत्ताच सांगून ठेवतो."

"द्या," डेल म्हणाला. "वाट मोकळी असेल."

मग टाउनोनं मोर्चा माझ्याकडे वळवला. म्हणाला, "आणि तू. पुन्हा यादीला हात लावलास तर मला इथे ऐकू येतं." मी म्हटलं, आता नाही लावणार, टाउनो. त्यानं माझ्या ताटलीत पावाचा आणखी एक तुकडा ठेवला, म्हणजे विषय संपला.

जानेवारीत शपथविधी होता. माझं विमानाचं तिकीट काढलेलं होतं, निळा ड्रेस शिवून घेतला होता. आदल्या दिवशी हवामानखात्यानं मोठ्या बर्फाचा इशारा दिला. मी डेलला फोन करून कळवलं, मी येत नाही. तो कारण विचारत बसला नाही. "बरं," म्हणाला, आणि मग, "हिल्मा, बरं केलंस."

सकाळी सतरा इंच होता. मी निळा ड्रेस घालूनच रेडिओवर बसले, वरून स्वेटर. यादी समोर असूनही न पाहता वाचली: एक नंबर, आयर्न क्रीक, लाहती. साडेसहाला गॉर्डीचा आवाज आला की दारात पोचलोय, वाट काढून झाली.

"हिल्मा," तो म्हणाला, "म्हातारा बर्फात बाहेर येऊन उभा राहिलाय. विचारतोय, आपल्या डेलची शपथ टीव्हीवर किती वाजता दाखवणार."

बारा वाजता, मी म्हटलं. जे जे ऐकत होते, त्या सगळ्यांना कळावं म्हणून पुन्हा एकदा म्हटलं. मग यादीतलं दुसरं नाव वाचलं.