वाघाला धरणारा

होळीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, पांड्याने वाघाचा लाकडी मुखवटा भिंतीवरून काढून नातीच्या हातात दिला. दक्षा आठ वर्षांची. पाड्यावरची मुलं सोंगं घेऊन दारोदार फगव्याचे पैसे-चणे मागायला निघाली होती. निम्मी घरं उधव्याकडे जाणाऱ्या रस्त्यापलीकडे होती.

दक्षाची आई संगिता दारात आडवी उभी राहिली.

“बाबा, याचे डोळे मोठे करा. मगच जाईल ती.”

“मोठे केले तर वाघ राहील काय? मांजर होईल,” सासरा म्हणाला.

“वाघाला डंपरच्या रस्त्यावरून जायचं नसतं. हिला आहे.”

“चाळीस वर्षं हाच मुखवटा घालतात. कोणाला काय झालं?”

“आई, सगळे गेले!” दक्षा कुरकुरली.

संगिताने वाद वाढवला नाही. मुखवटा सासऱ्याच्याच तोंडावर बांधला, त्याला अंगणात उभं केलं. “कोणी जवळ आलं की सांगा.” मग तिने मुलीला खूण केली. दक्षा अनवाणी, उजवीकडून आली आणि हातभर अंतरावरून पुढे गेली. पांड्या समोर बघत होता.

“येऊ दे की कोणाला,” तो म्हणाला.

दक्षा फिसकन हसली. तो दचकून वळला.

“परत कर.”

दोनदा केलं. डावीकडूनही तेच झालं.

मुखवटा उतरवून तो ओट्यावर टेकला. “मी घालायचो तेव्हा लहान्यादादा मागून कमरेला धरायचा. थांब म्हटलं की थांबायचं. मला वाटायचं, नाचताना पडू नये म्हणून धरतो.”

“आता पोरांना कोण धरतं?”

मुखवटा पोरांकडे आला, धरणारा मागेच राहिला, आणि ते पाड्यावर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. डोळे आता कोरायला घेतले तर जुनं लाकूड चिरलं असतं. पांड्याने टोपी घातली.

“आजा, तू नको. पोरं चिडवतील.”

“चिडवू दे.”

चिडवलंच. “वाघाला आजा लागतो!” रस्त्याच्या कडेला थांबलेला रूपेश राक्षसाच्या मुखवट्याआडून ओरडला. तो टोळीत सगळ्यांत मोठा, बारा वर्षांचा.

पांड्याने दक्षाच्या तोंडावरचा मुखवटा सोडून काखेत घेतला. “रस्त्यात सोंग नाही. दारात गेल्यावर. तूही काढ रे.”

“मी काय तुझा नातू आहे?”

“नाहीस. काढ.”

रूपेशने तोंड वाकडं करत मुखवटा वर सरकवला. बाकीच्यांनीही सरकवले. दोन डंपर आणि एक रिक्षा गेली. मग सगळे ओलांडून गेले.

पलीकडे पांड्या दोरी बांधू लागला. बोटं सावकाश चालत होती. बाकीची पोरं पहिल्या दाराशी पोहोचलीसुद्धा.

“आजा, लवकर! चणे संपतील.”

“हलू नको.”

परतताना सोडायची होती, म्हणून त्याने गाठ सैलच ठेवली.