गोविंदरावांचा उजवा पाय

आमच्या नागपुरात लग्नाची वरात असो की जयंतीची मिरवणूक, धुमालशिवाय ती निघत नाही. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर धुमाल म्हणजे गाडीवर उभं राहून वाजवणारी पार्टी. पिकअपच्या मागच्या उघड्या भागात ढोल-ताशेवाले, एक बेंजोवाला, टपावर भोंगे, कोपऱ्यात जनरेटर, आणि हा सगळा पसारा माणसाच्या चालीने रस्त्यावरून सरकत असतो. लोक वाजवणाऱ्यांकडे बघतात, नाचणाऱ्यांकडे बघतात. गाडी कोण चालवतो हे कुणी बघत नाही. मी बघते, कारण तो माझा नवरा आहे.

त्यांचं नाव गोविंदा. पुढचं राव मी लावते. माझ्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायला लाजतात, पण मी जन्मभर अंगणवाडीत हजेरी घेतली आहे, मला कसली लाज? पार्टी सुरू झाली तेव्हापासून गाडी गोविंदरावच चालवत आले. आता पार्टीचा म्होरक्या आमचा मुलगा प्रशिक आहे. तो हिंगण्याला कंपनीत शिफ्ट करतो आणि सुटी असली की ढोल गळ्यात अडकवतो. वाजवणारे बदलले, गाणी बदलली, भोंग्यांचे आवाज वाढले, पण स्टिअरिंगवरचे हात तेच राहिले.

आणि हे मी बायको म्हणून सांगत नाही. दुसऱ्या पार्ट्यांचे वाजवणारे कधी आमच्याकडे उसने यायचे, ते जाताना म्हणायचे की गोविंदाच्या गाडीवर हात आपोआप चालतो. का चालतो, ते कुणाला सांगता यायचं नाही. गोविंदरावांनाही नाही. ते नुसते मिशीतल्या मिशीत हसायचे.

मग जुन्या पिकअपचं आयुष्य संपलं. तिचं पासिंग होईना, म्हणून नवी घेतली. पांढरीशुभ्र, आत नव्या प्लॅस्टिकचा वास. दारासमोर उभी करून बुद्धवंदना घेतली, निळा झेंडा लावला, साऱ्या गल्लीत पेढे वाटले. गोविंदराव सकाळ-संध्याकाळ तिला पुसायचे. माझ्याकडे त्यांनी इतक्या प्रेमाने कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

नव्या गाडीची पहिली वरात महाल भागात होती. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, पुढे नाचणाऱ्यांची झुंबड. गोविंदरावांनी ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी हललीच नाही. अजून थोडा दाबला, तेव्हा एकदम पुढे गेली. वर ठेका विस्कटला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. आमचा बेंजोवाला नत्थू गुडघ्यावर आपटला, बेंजो खाली पडून त्याच्या दोन तारा तुटल्या. प्रशिकने टपावर थाप मारून गाडी थांबवली आणि सगळ्यांसमोर बापाला विचारलं, काय करून राहिले तुम्ही?

शोरूमवाल्यांनी गाडीला लॅपटॉप जोडला आणि सांगितलं, गाडीत दोष नाही. तिथला फोरमन भला होता, त्याने नीट समजावलं. जुन्या गाडीत पॅडलपासून इंजिनापर्यंत तार असायची, इकडे पाय हलला की तिकडे हललं. नव्या गाडीत तार नाही. पॅडल कॉम्प्युटरला सांगतं, कॉम्प्युटर धुराचा, डिझेलचा विचार करतो, मग इंजिनाला हुकूम देतो. त्यानंतर टर्बोला जोर धरायला थोडा वेळ लागतो तो वेगळाच. गोविंदरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे मधात एक साहेब बसवला.

आमच्या गल्लीत अंकुश राहतो, शाळेची व्हॅन चालवतो. मुलगा वाईट नाही, पण मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्याला सगळं कळतं. त्याने सांगितलं की पॅडलला लावायचा एक डबा मिळतो, तो लावला की गाडी पायाखाली येते. प्रशिकने मागवला. अंकुशने बसवला. पुढच्या वरातीत गाडी अशी उसळली की समोर नाचणारे नवरदेवाचे मामा बाजूला उडी मारून वाचले. मामा हसत होते, प्यायलेले होते, पण गोविंदराव हसले नाहीत. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मग ते आपल्या जुन्या मेकॅनिककडे, हिंगणा रोडवरच्या मनोहररावांकडे गेले. त्यांनी आधी तो डबा काढून अंकुशच्या हातात ठेवला. मग खाली वाकून पाहिलं तर आमचीच करामत. जनरेटरसाठी जो लोखंडी सांगाडा आम्ही बसवून घेतला होता, त्याचा एक पाय टर्बोच्या हवेच्या पाइपवर चेपून बसला होता आणि पाइपाची क्लिप ढिली झाली होती. अर्धी हवा वाटेतच निघून जात होती. त्यांनी सांगाडा सरकवून घेतला, क्लिप कसली, फिल्टर झटकला. निम्मा त्रास गेला. उरलेला जाणार नाही म्हणाले, ती या गाड्यांची जातच आहे.

निम्म्याने भागणार नव्हतं. पुढे चौदा एप्रिलची जयंती होती. वर्षभराच्या वराती एकीकडे आणि जयंतीची मिरवणूक एकीकडे. त्या दिवशी साऱ्या नागपुरातल्या पार्ट्या रस्त्यावर असतात, बायाबापड्या, लहान लेकरं गाडीच्या समोर असतात. प्रशिकने एका संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं.

"बाबा, जयंतीले गाडी अंकुश चालवन."

गोविंदरावांनी मान हलवली आणि भाजीत मीठ कमी आहे असं म्हणाले. मीठ बरोबर होतं. मला प्रशिकचा असा राग आला की ताट उचलून आपटावं वाटलं. पण मुलगा खोटं बोलत नव्हता. त्या मामांच्या जागी एखादं लेकरू असतं तर? मी ताट आपटलं नाही, पण रात्रभर कूस बदलत राहिले. गाडी गेली तर या माणसाजवळ दुसरं काय राहणार होतं? वाजवता येत नाही, गाता येत नाही. पार्टीतला माणूस म्हणून लोक ओळखत होते, तो आता पार्टीतल्या पोराचा बाप उरणार होता.

जयंतीच्या आधी माझ्या भाचीचं लग्न रामटेकला होतं, वाजवायला आमचीच पार्टी. प्रशिक म्हणाला, अंकुशचा हात बसू दे, आज त्यालाच देऊ. मी पाहुणी म्हणून पुढे केबिनमध्ये बसले. अंकुश स्टिअरिंगवर, मधे गोविंदराव, खिडकीशी मी. वरात निघाली. अंकुशने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, पाय जवळजवळ काढूनच घेतला आणि ती एकसारखी पुढे जाऊ दिली. ना झटका, ना उसळी. मला मानावं लागलं, पोरगा नीट चालवत होता.

पण वर मजा येत नव्हती. हात बरोबर पडत होते, सूर बरोबर होता, तरी नाचणारे दोन पावलं टाकून घाम पुसत उभे राहत होते. प्रशिक ओरडून ओरडून जोश चढवायला बघत होता. नत्थूने दोनदा चाल बदलली. काही केल्या रंग भरेना.

मी गोविंदरावांकडे बघायचं टाळत होते. नजर खाली गेली आणि मला त्यांचा उजवा पाय दिसला. चपलेतला पाय, खालच्या मॅटवर, जिथे कसलंही पॅडल नव्हतं. तो दाबत होता, सोडत होता, दाबत होता. वर ढोलाची थाप पडली की पाय दाबायचा. एकही चुकत नव्हती.

मी बायकांच्या मंडळात भीमगीतं म्हणते. ठेका मला कळतो. त्या क्षणी मला सगळं कळलं आणि हसावं की रडावं ते समजेना. हा माणूस इतकी वर्षं थापेबरोबर गाडीला हलकासा धक्का देत आला होता. जुनी गाडी तारेवरची, पायाबरोबर हलायची, आणि तो धक्का वरच्या वाजवणाऱ्यांच्या अंगातून हातात जायचा. म्हणून हात आपोआप चालायचा. नवी गाडी साहेबाला विचारून हलत होती, म्हणून तोच धक्का दोन थापांच्या मधे येऊन पडत होता. पाय चुकलाच नव्हता.

"अवो, पाय पाहा तुमचा," मी म्हटलं.

"काय झालं पायाले?"

"ठेका धरून राहिला. तुम्ही इतके साल गाडी चालवली नाई. वाजवली."

त्यांनी खाली पाहिलं. पाय तसाच चालू होता. त्यांनी तो असा झटकन मागे ओढला, जसा काही कुणाचा हात चुकून धरला होता. अंकुशने मात्र ऐकलं होतं, तो तिरक्या नजरेने पायाकडे बघत राहिला.

परतल्यावर मी स्वस्थ बसले नाही. आमच्या वस्तीमागे मोकळं मैदान आहे. सकाळी ऊन चढायच्या आत मी गोविंदरावांना गाडीसकट तिथे नेलं, शेजारी बसले आणि टाळ्या वाजवत गाणं म्हणायला लागले. त्यांनी पाय दाबला, गाडी टाळीनंतर हलली. मी म्हटलं, टाळीवर नाही, टाळीच्या आधी दाबा. त्यांना ते जमेना. जन्मभराची सवय, आणि बायको शिकवणार म्हणजे तोंड अजूनच वाकडं.

"ठेका पडाच्या आधी मले कसा समजन?" ते वैतागून म्हणाले.

"मले कसा समजते? गाणं म्हणताना श्वास आधी घ्या लागते, मंग शब्द निंगते. तुम्ही श्वास घ्या, शब्द गाडी म्हणन."

मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्यांनी माझ्या हातांकडे बघणं सोडलं आणि समोर बघत राहिले. पाय आधी दाबला गेला, आणि माझी टाळी पडली त्याच वेळी गाडी पुढे झाली. अगदी हलकी, पाठीवर कुणी थोपटावं तशी. मी पुढची ओळ म्हणायचीच विसरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मिशी हलली. त्यानंतर आम्ही रोज सकाळी मैदानात जायचो. संथ गाणी जमली, मग जलद. जलद ठेक्यात दोन थापांमधली जागा कमी होते, म्हणून पाय किती आधी जायला हवा ते दर गाण्यात बदलतं. त्यांनी ते एकेक गाणं करत पायात बसवलं.

प्रशिकला मी सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसला नाही. मी हट्टच धरला, तेव्हा तो तयार झाला, पण अट घालून. मिरवणूक इंदोऱ्याहून निघताना बाबा बसतील. अंकुश बाजूने चालेल. एक जरी झटका बसला तर गाडी तिथेच अंकुशच्या हातात, आणि नाही बसला तरी कमाल चौकात तोच बसणार, कारण पुढे गर्दी मोठी. गोविंदराव म्हणाले, बरोबर आहे.

जयंतीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. आम्ही बायका पांढऱ्या साड्या नेसून निघालो होतो. मी रांग सोडून केबिनच्या खिडकीशी चालत होते. मला कुणी काही म्हटलं नाही, म्हटलं असतं तर ऐकून घेतलं असतं. प्रशिकने टपावर दोनदा थाप मारली. ढोल सुरू झाले, आणि गाडी ढोलाबरोबर निघाली.

सुरुवातीला कुणाला काही कळलं नाही. मग मी नत्थूकडे पाहिलं. तो डोळे मिटून वाजवत होता. महालात पडल्यापासून तो कंबर दांडीला टेकवून उभा राहायचा, आज त्याने दांडी सोडली होती. समोर पोरी नाचत होत्या, म्हाताऱ्या माना हलवत होत्या. दुसऱ्या पार्टीच्या मागे चाललेले लोक वळून आमच्याकडे येऊ लागले. आमच्यामागून येणाऱ्या पार्टीचे दोन वाजवणारे मान लांब करून गाडीच्या चाकांकडे बघत होते.

मग प्रशिकने हात वर केला. धुमालमध्ये अशी एक जागा असते, सगळे एकदम थांबतात, काही थापा तशाच रिकाम्या जाऊ देतात आणि नेमके परत पडतात. सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत गाडी ठेक्यावर पुढे होत राहिली. एक, पुन्हा एक, पुन्हा एक. नाचणाऱ्यांचे पाय थांबले नाहीत, कारण ठेका थांबलाच नव्हता. वर सगळ्यांचे हात एका वेळी ढोलावर पडले आणि रस्त्यावर असा ओरडा उठला की माझ्या अंगावर काटा आला. मी रडत होते, आणि त्याची मला काही लाज वाटली नाही.

कमाल चौक आला. टपावर थाप पडली, गाडी थांबली. अंकुश दाराशी येऊन उभा राहिला. गोविंदरावांनी रुमालाने स्टिअरिंग पुसलं आणि उतरायला दाराच्या कडीला हात घातला. बोलल्याप्रमाणे ते उतरणारच होते.

प्रशिक वरून खाली उतरला, घामाने निथळत. अंकुशला बाजूला करून खिडकीशी आला. आमच्या पार्टीत पुढचं गाणं कोणतं घ्यायचं हे म्होरक्या वाजवणाऱ्यांना विचारतो. गाडीवाल्याला आजवर कुणी विचारलेलं नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "आता कोणतं घेऊ?"

गोविंदरावांनी कडीवरचा हात काढला. समोरच्या गर्दीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"तेजवालं घे," ते म्हणाले. "मी तयार हाव."