आधी उठले कोण

वाटाघाटी गुरुवारीच मोडल्या होत्या. तरीही शुक्रवारची दुपार कलली तेव्हा यरीहो शहरातील माझ्या हॉटेलच्या दिवाणखान्यात दोन्ही पक्षांचे प्रमुख, सहायक आणि मध्यस्थांसह, बसूनच होते. प्रथम जो खुर्ची सोडील, त्यानेच शांतता मोडली असे जग म्हणणार, हे उभयता जाणून होते.

इस्रायलच्या पिन्हास यांना शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतिदिनाचे, दिवे लागण्यापूर्वी घर गाठायचे होते. पॅलेस्टिनी अबू नबील यांची निकड त्याहून मोठी होती. पुतण्या रामेझ याच्यासाठी त्याच संध्याकाळी मागणी घालायला निघालेल्या वडीलधाऱ्यांचे ते मुख्य, आणि मुलीचे आजोबा हाज तौफीक अतिशय मानी. ते रुसले की सोयरीक संपली.

"पिन्हाससाहेब, ऊन उतरलं. वहिनी वाट बघत असतील."

"तिकडे मुलीच्या घरी तुमची कॉफी निवतेय, अबू नबील. जा, मी काही मनात आणणार नाही."

"मनात नाही, उद्याच्या पेपरात आणाल."

अखेर वाट पाहून कंटाळलेले हाज तौफीक काठी टेकीत स्वतःच आत आले. वृद्ध दारात दिसताच उभे राहावे, हा संस्कार दोन्ही घरांतला. दोघेही ताडकन उठले आणि तत्क्षणी भांडू लागले. आधी उठला तो समोरचा, असे प्रत्येकजण शपथेवर सांगू लागला.

हाजींनी सारे शांतपणे ऐकून घेतले. "माझ्यासाठी आधी उठलो म्हणून भांडणारे पुष्कळ पाहिले. नाही उठलो म्हणून भांडणारे आजच बघतोय." मग ते अबू नबील यांच्याकडे वळले. "माझ्यासाठी उठायची लाज वाटते, आणि नात मात्र माझीच हवी?"

अबू नबील यांनी क्षणभर राष्ट्राचा विचार केला, क्षणभर रामेझच्या आईचा. "मीच आधी उठलो, हाजी," ते म्हणाले.

पिन्हास यांच्या सहायकाने हर्षाने लेखणी उघडली. परंतु हाजींची दृष्टी आता पिन्हास यांच्यावर स्थिरावली होती, आणि पिकल्या केसांपुढे उभे राहावे ही ज्यूंची धर्माज्ञा त्यांना बालपणापासून मुखोद्गत होती.

"खोटं आहे," पिन्हास म्हणाले. "आधी मी उठलो."

"उगाच पुढेपुढे करू नका. सोयरीक माझी आहे."

"आज्ञा मला आहे."

सूर्यास्तापूर्वी दोन्ही पक्षांची निवेदने निघाली: प्रथम उठलो ते आम्हीच. आजवर दोषाला धनी शोधीत फिरलेल्या बिचाऱ्या मध्यस्थांना एका दोषाचे दोन धनी प्रथमच लाभले; ते माझ्याकडे पाणी मागून स्वस्थ बसले.

हाजींनी नात दिली. अट एकच घातली: "लग्नात मी मांडवात यायच्या आधीच या दोघांना उभं करून ठेवा."